पूर्वेच्या कडेवरचे अकरा डाग

बोदिश आरांकाचा हात हलत नसे. आमच्या सारहालोममध्ये ही गोष्ट चर्चच्या घड्याळापेक्षा पक्की धरत, कारण ते घड्याळ तरी वर्षातून दोनदा बंद पडायचं. लग्नाच्या चादरी, उशांचे अभ्रे, नवरीचे एप्रन, ज्यावर म्हणून भरतकाम व्हायचं ते कापड आधी आरांकाकडे जायचं. आमच्याकडे नक्षी काढत नाहीत, लिहितात. लिहिणाऱ्या बाया गावात चार-पाचच, आणि त्यांत आरांका सगळ्यात तरुण. निळ्या शाईत काडी बुडवून ती टेबलाशी उभी राहायची आणि पट्टी नाही, खडूची खूण नाही, सरळ कापडावर गुलाब, ट्यूलिप, लाल मिरच्यांचे घोस उतरवत जायची. दोरा भरणाऱ्या बायका नंतर वर्षभर त्या निळ्या रेघांवरून सुई चालवायच्या.

या लिहिण्याचा एकच कायदा. जागा रिकामी ठेवायची नाही. बोटाएवढी फट उरली तर तिथे कळी, नखाएवढी उरली तर टिंब. "रिकामं कापड म्हणजे अर्धपोटी उठवलेला पाहुणा," असं तिची सासू म्हणायची आणि सून चुकलीच तर काडीनेच बोटांवर फटका द्यायची.

मग कारखान्यात यंत्रावर भरलेल्या चादरी यायला लागल्या, त्याही पंधरा दिवसांत, आणि वर्षभर कोण थांबतंय? काम आटलं. नवरा आम्ब्रुश साखर कारखान्यात होता, पण एका पगारात भागेना, म्हणून आरांकाने पाण्याच्या मनोऱ्यात झाडलोटीची नोकरी धरली. नावालाच पाण्याचा मनोरा. युद्धात टाकीला जे भोक पडलं ते कायमचं, त्यामुळे तिथे पाणी कधी चढलंच नाही. चढायचे ते देझ्यो बाची, बाची म्हणजे आमच्याकडे काका. शाळेत पदार्थविज्ञान शिकवणारा हा उंच, वाकडा, तोंडाळ माणूस युद्ध संपल्याच्या दुसऱ्या वर्षापासून एकशे बावीस पायऱ्या चढून वर जायचा आणि एका बारक्या दुर्बिणीने सूर्याचं चित्र काढायचा. दर दिवशी. न्युमोनिया झाला तेव्हा पण. बायको त्याला सोडून गेली त्या दिवशीचं चित्रसुद्धा फायलीत आहे.

आरांका एकदा वरची खोली पुसत होती. दुर्बिणीतून सूर्याकडे डोळा लावायचा नसतो, डोळाच जातो. दुर्बिणीमागे फळी असते, फळीवर कागद, कागदावर छापलेलं पंधरा सेंटिमीटरचं वर्तुळ, आणि त्या वर्तुळात सूर्य आपणहून येऊन बसतो. पांढरा, गोल, किंचित थरथरता. त्याच्यावर काळे डाग दिसतात, ते पेन्सिलीने जिथल्या तिथे गिरवायचे. देझ्यो बाचींचे हात तोवर कापायला लागले होते. पेन्सिल घसरली आणि त्यांनी अशी शिवी हासडली की खिडकीतलं कबूतर उडालं.

"द्या इकडे," आरांका म्हणाली.

"तुला काय कळतं गं सूर्यातलं?"

"सूर्यातलं काही नाही कळत. पण देझ्यो बाची, तुम्ही जी मारलीत ना, ती रेघ नाही, गांडूळ आहे."

म्हाताऱ्याने रागारागात पेन्सिल तिच्या हातात कोंबली. तिने फडकं खांद्यावर टाकलं, नवा कागद लावला आणि श्वास रोखून तीन डाग काढले. काळा गाभा, भोवती राखाडी झालर, झालरीच्या काठाचे बारीक केससुद्धा.

"चौथा कुठाय?" त्यांनी विचारलं.

"चौथा नाहीये."

"नीट बघ. खाली उजवीकडे."

तिने पुन्हा बघितलं. "नाहीये म्हटलं ना. असता तर काढला नसता का?"

देझ्यो बाची खुर्चीत बसले. चौथा नव्हताच. गेल्या वर्षभरात त्यांनी तीन होतकरू मास्तरांना हाच चौथा डाग विचारला होता, आणि तिघांनीही मुकाट्याने काढून दिला होता.

"उद्यापासून झाडू दुसरं कुणीतरी मारेल," ते म्हणाले. "इथला नियम एकच. जे दिसतं ते काढायचं. जे ठाऊक आहे ते नाही. जे आवडतं तेही नाही."

पुढच्या रविवारी त्यांनी तिला मनोऱ्याच्या अंगणात बोलावलं आणि दाराला सूर्याचा कागद टाचणीने लावला. "घरी खसखस भरलेली गोड गुंडाळी भाजली असशील ना आज? खसखस घेऊन ये." ती चिमूटभर घेऊन आली. त्यांनी तिला त्यातला जरा मोठा दाणा निवडायला लावला. "हा तिकडे सूर्य, आणि ही तुझ्या बोटावर आपली पृथ्वी. समुद्र, डोंगर, पोलीस ठाणं, तुझी सासू, सगळं धरून."

"चेष्टा करताय."

"चल माझ्याबरोबर." दारापासून त्यांनी ढांगा टाकल्या. सोळा झाल्या तशी तुतीच्या झाडापाशी थांबले. "आपण इथे. हा प्रकाश दारापासून इथवर यायला आठ मिनिटं घेतो. आणि चंद्र," त्यांनी दाण्याशेजारी दोन बोटं आडवी धरली, "चंद्र इथे. माणूस घर सोडून आजवर सगळ्यात लांब गेला तो इतकाच. दोन बोटं."

"आणि ते यानात बसून पृथ्वीभोवती फिरतात ते?"

"ते होय! ते दाण्याच्या सालीलाच चिकटलेत. तुझा एक केस दाण्यावर आडवा ठेव, त्या केसाच्या जाडीच्या आत राहतात ते." गुरू म्हणजे पलीकडच्या बेकरीच्या दारातली चेरी. शेवटचा नेपच्यून पार रेल्वे स्टेशनात. "आणि सूर्यानंतरचा सगळ्यात जवळचा तारा?" म्हाताऱ्याने इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला. "सायबेरियात. ते किती लांब आहे हे गावातल्या ज्या युद्धकैद्यांना तिथून चालत परत यावं लागलं त्यांना विचार."

आरांका हसली नाही. ती दाराशी गेली आणि त्या दिवशीच्या चित्रातल्या मोठ्या डागावर तिने खसखस ठेवली. डाग दाण्याच्या चारी बाजूंनी बाहेर उरला. "म्हणजे मी पेन्सिलीने जो ठिपका काढते, त्यात आपण सगळे बुडतो?" तिने विचारलं. देझ्यो बाची हो म्हणाले. ती पायरीवर बसली आणि रडायला लागली. दुःख कसलंच नव्हतं. एवढं मोठं काहीतरी आपल्या हातून कागदावर उतरतं याचीच तिला भीती वाटली, आणि त्या भीतीत इतका आनंद होता की तो कुठे ठेवावा हे कळेना.

अशी अकरा वर्षं गेली. देझ्यो बाचींच्या दोन्ही डोळ्यांत आधी धुकं आलं आणि मग अंधार. आरांका रोज पायऱ्या उतरून त्यांच्या घरी जायची, काय दिसलं ते सांगायची, आणि ते डोकं हलवत ऐकायचे. चित्रातली आकडेवारी टपाल कचेरीतून टेलेक्सने राजधानीतल्या सूर्यनिरीक्षण केंद्राला जायची. टेलेक्सवरची पिरी सगळं वाचायची आणि गावभर सांगायची, "आज सूर्याला नऊ डाग आहेत, आरांकाने स्वतः मोजलेत." केंद्राकडे अशा बऱ्याच निरीक्षण ठाण्यांचे आकडे यायचे, आणि वर अवकाश स्थानकात माणसं असली की ते तातडीने पुढे जायचे. सूर्य उसळला तर स्थानकाच्या आत थांबायचं की बाहेर पडायचं, हे ठरवायला हे आकडेही बघत. आमच्या गावातून थेट वर निरोप जातो म्हणून आम्ही सगळेच छाती काढून चालायचो, आता खोटं कशाला बोला.

त्या वर्षी सूर्य भरात होता. एप्रिलमध्ये एक गट असा आला की आरांकाने तसा कधी पाहिला नव्हता. अकरा डाग, मधोमध एक जोडगोळी, भोवती झालर, उघडलेल्या फुलासारखी. तेरा दिवस तिने ते फूल रोज काढलं. सूर्य फिरतो तसा तो गट सरकत सरकत पश्चिमेच्या कडेला गेला, चेपला, आणि पलीकडे उतरला. तो टिकला तर चौदा दिवसांनी पूर्वेच्या कडेवर पुन्हा उगवणार होता. तारीख तिने तोंडपाठ केली. चौदा मे.

पंधरा मेला वरच्या दोघा जणांना स्थानकाबाहेर पडून काहीतरी दुरुस्त करायचं होतं. केंद्राने सगळ्या ठाण्यांना कळवलं होतं, पूर्वेची कड सांभाळा, तो गट परत येतोय का बघा. आणि नेमके तीन दिवस ढग. ढग नुसते आमच्यावर नव्हते, अर्ध्या युरोपावर होते. चौदा तारखेला सकाळी पावणेदहाला ढगात एक फट पडली. कागदावर सूर्य उजळला. आरांका मनात आकडे मोजायची, तशी तिने मोजायला सुरुवात केली. सहापर्यंत आली आणि कागद पुन्हा काळवंडला.

तिने कागदाकडे पाहिलं. पूर्वेच्या कडेवर, अगदी काठाला, चेपलेले, पण सुबक, अकरा डाग होते. तिच्या हातचे.

"आला," ती स्वतःशीच म्हणाली, आणि एकशे बावीस पायऱ्या धावत उतरली. पिरीने टेलेक्स पाठवला. संध्याकाळी रेडिओवर सांगितलं की बाहेर पडायचा कार्यक्रम पुढे ढकलला आहे.

दुसऱ्या दिवशी आभाळ लख्ख झालं. आरांकाने फळीवर कागद लावला आणि डाग मोजले. पूर्वेला गट होता. होता, पण सात डागांचा. जोडगोळी नव्हती, एकच लांबडा डाग होता आणि बाकीचे कसेही विखुरलेले. एका दिवसात एवढं बदलतं का? बदलूही शकतं. पण आरांकाला ठाऊक होतं. काल तिने काढलं होतं ते एप्रिलमधलं फूल. सहा आकड्यांत तिला दिसला होता तो पांढरा काठ आणि त्याच्यावरून पळणारा ढग. काठ रिकामा दिसला, आणि हाताने भरला.

दहा वाजता कारखान्यातला शॉर्टवेव्ह रेडिओ एकदम मुका झाला. सूर्यावर मोठा भडका उडाला होता, त्याच गटात. अर्ध्या तासाने रेडिओ आला. बाहेर पडायची वेळ नेमकी तीच ठरलेली होती. ती दोन माणसं त्या वेळी बाहेर असती तर काय झालं असतं? कदाचित काहीच नाही. पण लोकांना "कदाचित" नको असतं. केंद्राचे प्रमुख डॉक्टर वेस्प्रेमी यांचं पत्र आलं: ढगांच्या फटीतून, सगळ्या जाळ्यात, एकट्या सारहालोमने पाहिलं. आम्ब्रुशने ते चौकटीत लावलं आणि कारखान्यात पालिंका, आमची फळांची दारू, वाटली. बेकरीवालीने आरांकाकडून आठवडाभर पावाचे पैसे घेतले नाहीत. "दोघांचे जीव वाचवलेस गं," असं म्हणून रस्त्यात बायका तिचे हात धरायच्या, आणि तिला ते हात सोडवून पळावंसं वाटायचं.

भडक्यानंतर तिसऱ्या दिवशी तिने देझ्यो बाचींना सांगितलं. ते तुतीखाली बसून अंडी सोलत होते.

"किती वेळ होती फट?" त्यांनी विचारलं.

"सहा आकडे."

"सहा आकड्यांत अकरा डाग?" त्यांचे हात थांबले.  मग म्हणाले, "कुणाला सांगितलंस?"

"तुम्हालाच."

"मग आता कुणाला सांगू नकोस. झाकली मूठ सव्वा लाखाची."

आरांकाला वाटलं आपण नीट ऐकलं नाही. "देझ्यो बाची, नियम तुमचा होता."

"हो, माझाच होता! आणि केंद्राचा पण एक नियम आहे. एक चित्र खोटं निघालं की ठाण्याची सगळी मालिका बाद. तुझी अकरा वर्षं आणि माझी बावीस, एकाच दाव्याला बांधलीत. बायको गेली, डोळे गेले, पोरी. ती तेहतीस वर्षं तेवढी उरलीत माझ्यापाशी. गट खरंच आला ना? भडका खरंच उडाला ना? मग मुकाट्याने बस."

म्हाताऱ्याच्या गालावरून पाणी ओघळत होतं. आरांकाने अंड्याची टरफलं गोळा केली, फेकून दिली आणि घरी गेली. ती गप्प बसली. जवळजवळ दोन आठवडे.

त्या दोन आठवड्यांत तिला एक नवीनच रोग जडला. कागदावर काही दिसलं की ती विचारायची, हे आहे की मी आणलंय? आणि काही दिसलं नाही की विचारायची, नाहीये, की मी भ्यायलेय? पेन्सिल टेकायच्या आधी थांबायला लागली. जो हात कधी हलला नव्हता तो हलत अजूनही नव्हता, पण तिचा त्याच्यावरचा विश्वास उडाला होता.

तो गट कडेपलीकडे उतरला तसा केंद्राचा निरोप आला. तीस मे, दुपारी एकला दोघे बाहेर पडणार. पूर्वेची कड मोकळी आहे का, सारहालोमने खास लक्ष घालून दहापर्यंत कळवावं. खास लक्ष! आभाळ निरभ्र होतं. आरांकाने पाऊण तास कडेकडे बघितलं. तापलेल्या हवेत काठ थरथरत होता. तिथे एक करडी सावली होती, नव्हती, पुन्हा होती. अकरा वर्षांपूर्वी, खांद्यावर फडकं टाकून, तिने एका क्षणात "नाहीये" म्हटलं असतं. आज तिला सांगता येईना. आणि खसखशीच्या सालीवर दोन माणसं कपडे चढवत होती, तिच्या शब्दावर.

ती खाली उतरली, टपाल कचेरीत गेली आणि पिरीला म्हणाली, "लिही. आज कडेबद्दल खात्री नाही, दुसऱ्या ठाण्याला विचारा. चौदा मेचा गट मी पाहिला नव्हता. आठवणीतून काढला. बोदिश आरांका."

पिरीचे हात यंत्रावरच राहिले. "अगं ए बाई, शुद्धीवर आहेस ना? स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतेयस!"

"पाठव."

"आरांका, हे एकदा गेलं की परत नाही येत हं."

"पिरी, दहा वाजत आलेत. पाठव!"

पिरीने रडत रडत पाठवलं आणि, कधी नव्हे ते, गावात कुणाला सांगितलं नाही. केंद्राने दुसऱ्या दोन ठाण्यांना विचारलं, कड मोकळी होती. एक वाजता दोघे बाहेर पडले आणि काम करून सुखरूप आत आले. आरांका स्वयंपाकघरात रेडिओला कान लावून बसली होती. ते आत आल्याचं सांगितलं तेव्हा तिने अकरा वर्षांत पहिल्यांदा दुपारची झोप काढली.

डॉक्टर वेस्प्रेमी चार दिवसांनी आले. पायऱ्या चढून धापा टाकत होते आणि लाल झाले होते. "कॉम्रेड बोदिश, आम्ही तुमच्या नावाची शिफारस केली होती! वर! पदकासाठी! आता मी काय सांगू त्यांना?"

"मी पाठवलं तेच सांगा."

"मालिका बाद करावी लागेल, कळतंय का? आज एक सांगितलंत. आणखी किती आहेत?"

 तिला खरंच माहीत नव्हतं. वेस्प्रेमी वाईट माणूस नव्हते. त्यांनी कपाळ पुसलं आणि तीन महिने दिले. सगळी चित्रं पुन्हा बघा. जिथे पाहिलं नसेल तिथे खूण करा. मग समिती ठरवेल, ठेवायचं की जाळायचं. तोवर दुर्बीण बंद.

देझ्यो बाचींनी दार लावून घेतलं. ती रोज जायची, दारावर टकटक करायची, आतून आवाज यायचा, "घरात कुणी नाही."

दोन हजार नऊशे चौदा चित्रं तिने हातगाडीवरून घरी आणली. उन्हाळाभर ती स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसली, एकेक कागद हातात घेऊन. तो दिवस आठवायचा, हवा आठवायची, हात काय करत होता ते आठवायचं. जून सरेपर्यंत तिला आपला चोर सापडला. सूर्य शांत होता ती वर्षं. त्या वर्षांत आठवडेच्या आठवडे वर्तुळ कोरं असायचं, आणि तिने मधूनच, इथे एक, तिथे एक, बारीकसं टिंब ठेवलेलं होतं. कुणाला फसवायला नव्हे. पाहुणा अर्धपोटी उठू नये म्हणून. ती एकेका टिंबाशी थांबायची आणि लाल पेन्सिलीने फुली मारायची. दर फुलीला वाटायचं कुणीतरी बोटांवर काडी मारली.

ऑगस्टमध्ये शेवटचा कागद झाला. तिने गठ्ठा तारखेवार लावला आणि कडा सारख्या करायला म्हणून अंगठ्याखालून कागद सोडले. फर्रर्र झालं, आणि ती जागच्या जागी थिजली.

सूर्य फिरत होता.

तिने पुन्हा सोडले. डाग पूर्वेच्या कडेवर उगवत होते, सरकत होते, फुगत होते, पश्चिमेला बुडत होते, नवे येत होते. तेच वर्तुळ, आणि आत एक भलंमोठं काहीतरी स्वतःभोवती वळत होतं, थांबत नव्हतं. तिने हळूहळू सोडले. मग दिसलं ते आणखी मोठं. पहिल्या वर्षांत डाग मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना पसरलेले होते. वर्षामागून वर्ष दोन्ही पट्टे मध्याकडे उतरत आले, विरळ झाले, विझले. मग कोरी वर्तुळं. आणि मग, कुणी सांगितल्यासारखा, वर, ध्रुवाच्या दिशेने, एकटाच एक नवा डाग, आणि त्याच्यामागून सगळं पहिल्यापासून. अकरा वर्षांचा एक श्वास. रोज वर चढून ती त्या श्वासाचा एकच दिवस बघत होती, आणि हा एवढा जीव तिच्या हाताखालून जात होता हे तिला कळलं नव्हतं.

"आम्ब्रुश!" ती ओरडली. "आम्ब्रुश, धाव!"

तो बिचारा दाढीचा साबण तसाच घेऊन धावत आला. त्याला वाटलं आग लागली. तिने कागद सोडले. त्याने बघितलं. "पुन्हा," तो म्हणाला. तिने पुन्हा सोडले. "आईशप्पथ," आम्ब्रुश म्हणाला, "आणि मी म्हणायचो बायको वर जाऊन ठिपके काढते." मग त्याने साबण लागलेल्या तोंडानेच तिचं डोकं आपल्या छातीशी धरलं, आणि दोघं तशीच उभी राहिली.

कोऱ्या वर्तुळांची ती वर्षं गठ्ठ्यात सगळ्यात सुंदर होती, असं ती पुढे सांगायची. त्यांत फुल्या सगळ्यात जास्त होत्या. एकूण एक्केचाळीस.

समितीचं पत्र सप्टेंबरच्या शेवटी आलं, चार ओळींचं. एक्केचाळीस दिवस वगळून बोदिश आरांका यांची अकरा वर्षं ठेवावीत. निरीक्षणं पुन्हा सुरू करावीत. आधीची बावीस वर्षं, त्यांबद्दल काही शंका आलेली नसल्याने, जशीच्या तशी ठेवावीत.

ती पत्र घेऊन देझ्यो बाचींकडे गेली. टकटक केली.

"घरात कुणी नाही."

"नसेना का. मी दाराला वाचून दाखवते." तिने वाचलं.  मग कडी निघाली. चार महिन्यांत म्हातारा वाळून अर्धा झाला होता.

"किती फुल्या?" त्यांनी विचारलं.

"एक्केचाळीस."

"कितीतल्या?"

"दोन हजार नऊशे चौदातल्या."

ते भिंत चाचपत खुर्चीपाशी गेले, पण बसले नाहीत. "बावीस वर्षं जशीच्या तशी," ते हळूच म्हणाले. "शंका आलेली नसल्याने. पोरी, शंका कुणी घेतलीच नाही. मला कुणी विचारलंच नाही कधी." त्यांनी मनोऱ्याच्या दिशेने हात केला. "माझे कागद वरच्या कपाटात आहेत. सगळ्यात खालच्या कप्प्यापासून सुरुवात आहे. आणशील?"

तिने पहिला गठ्ठा आणला आणि त्यांच्यासमोर बसली. दोरी सोडताना धूळ उडाली.

"वाच."

"सात ऑक्टोबर. गट दोन. एक उत्तरेला, मोठा, झालर असलेला. दुसरा दक्षिणेला, कडेजवळ, तीन डाग."

"खरा आहे. पुढे."

"आठ ऑक्टोबर. तेच दोन, सरकलेले."

"पुढे."

"नऊ ऑक्टोबर. गट दोन. दक्षिणेचा कडेवर, एक डाग."

देझ्यो बाचींनी हात वर केला. आंधळे डोळे खिडकीकडे वळले होते आणि ओठ हलत होते. तेहतीस वर्षांपूर्वीची ती सकाळ ते शोधत होते.

"नऊला धुकं होतं," ते म्हणाले. "दुपारपर्यंत उठलं नाही. मार फुली."

आरांकाने लाल पेन्सिल घेतली.